तुरा, मुंडावळ्या की शेपटी?

अर्धी अँटेना म्हणजे ट्रकच असतो! होय, ट्रक! आख्खा! चाकांसकट!

तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं! पन्नाशी ओलांडली, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, आणि परवा शनिवारी संध्याकाळी ग्रीस लागलेल्या हातांनी मी स्वयंपाकघरात घुसले आणि ओरडले, "अरे, ती सळई म्हणजे अर्धीच अँटेना! उरलेली अर्धी आपला ट्रक आहे!" नवरा वांगं भाजत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, वांग्याकडे पाहिलं, आणि वांगं उलटलं.

म्हणून तुम्हाला सांगते. कुणाला तरी सांगायलाच हवं!

आधीच कबूल करते, मला यातलं काही कळत नाही. फिजिक्समध्ये मी काठावर पास. पण गेले तीन आठवडे मला दुसरं काही सुचत नाहीये. सिग्नलला गाडी थांबली की मी शेजारच्या ट्रककडे टक लावून बघते. ड्रायव्हरला वाटतं बाई आपल्याकडे बघतेय. बाई त्याच्या आरशाच्या दांडीकडे बघतेय!

झालं काय, आम्ही एक जुना पिकअप ट्रक घेतला. आम्ही राहतो ओहायोत, कोलंबसजवळ. बागेला माती आणायची, मंडळाच्या गणपतीचं मखर हॉलपर्यंत न्यायचं, दर वेळी कुणापुढे तरी हात पसरायचा, त्यापेक्षा आपलाच असू दे म्हणून घेतला. २०१६ सालचा, फोर्डचा एफ-१५०. आणि त्याच्या डॅशबोर्डखाली स्क्रूने घट्ट बसवलेली एक काळी डबी! तिला गुंडाळ्या गुंडाळ्यांची वायर, वायरीच्या टोकाला मुठीत मावणारा माइक. सीबी रेडिओ! आधीच्या मालकाने अँटेना काढून नेली होती आणि रेडिओ विसरला होता. म्हणजे तोंड ठेवलं आणि घसा नेला!

मी माइक उचलला, बटण दाबणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली, "दाबू नकोस!" शेजारचे आजोबा. तीस वर्षं अठरा चाकी ट्रक चालवून निवृत्त झालेले. ते बोलतात अर्थात इंग्रजीत, पण माझ्या कानात शिरेपर्यंत त्याचं मराठी झालेलं असतं. अँटेना न लावता बटण दाबलं की बाहेर जायला वाट नसलेली शक्ती उलटी फिरते आणि रेडिओच्या आतला ट्रान्झिस्टर जाळू शकते! हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं. आणि मग मी त्या आजोबांना सोडलंच नाही.

तर सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. नागरिकांची लहर! परवाना लागत नाही, परीक्षा नाही, महिन्याचं बिल नाही. १९५८ साली अमेरिकन सरकारने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा सामान्य माणसांसाठी खुली केली. आधी २३ चॅनेल होते, १९७७ पासून ४० झाले. मधे १९७३ चं तेलसंकट येऊन गेलं, डिझेल मिळेना, महामार्गावर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि मग ट्रकवाले या डब्यांवरून एकमेकांना सांगू लागले, कुठे इंधन आहे आणि कुठे पोलिस दबा धरून बसलेत. पोलिसांना ते अस्वल म्हणतात! आपल्याकडे मामा, इकडे अस्वल! आणि आता हे ऐका, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा सीबीवर बोलायच्या आणि त्यांचं तिथलं टोपणनाव होतं 'फर्स्ट मामा'! म्हणजे मूळ अर्थ आई, पण माझ्या मराठी कानांना वाटलं, चौकातला पहिला ट्रॅफिक हवालदार! मी इतकी हसले की आजोबांना समजावून सांगताना अर्धा तास गेला.

आणि या सगळ्याला ताकद किती? चार वॅट! फक्त चार! जिन्यातला साधा एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो हो! जिन्यातल्या दिव्याच्या निम्म्याहून कमी ताकदीत चार-पाच मैलांवरच्या माणसाशी बोलायचं. म्हणूनच, आजोबा म्हणाले, रेडिओ कुठला घेतलास याला फारसं महत्त्व नाही. अँटेना कुठे लावतेस ते सांग.

कुठे म्हणजे? ट्रकवर! मला वाटलं, वर. टोकावर. उंचावर. संपलं! आमच्या कराडच्या घरी नव्हती का, गच्चीवर?

ती गच्ची आठवते का तुम्हाला? तुमच्याही घरी असणारच! रविवार सकाळ, 'रामायण' सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं, दादा गच्चीवर पाइप धरून, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर. आई म्हणणार "आलं!", मी ओरडणार "आलं!", तोवर दादाने अजून थोडं फिरवलेलं असणार, आई म्हणणार "गेलं!", पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आणि मग सगळ्यात मोठं आश्चर्य म्हणजे दादाने पाइप हातात धरून ठेवला की चित्र स्वच्छ आणि हात सोडला की मुंग्या! बिचाऱ्याने कितीतरी रविवार कावळ्यांच्या संगतीत काढले. का व्हायचं असं? आम्ही तेव्हा म्हणायचो, दादाच्या अंगात करंट आहे. हा दादा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे!

तर मी उत्साहाने अँटेना मागवली. चुंबकवाली! खाली जड गोल चुंबक, वर सळई, छपराच्या मध्यावर ठेवायची, टप्पकन चिकटणार, भोक नको, स्क्रू नको. फेट्याला तुरा खोचावा तशी! मी स्टुलावर चढले, मधोमध ठेवली, आवाज काही आला नाही, म्हटलं मऊ चिकटली असेल, हात सोडला, आणि ती बया डुलत डुलत काचेवरून घसरत थेट बॉनेटवर! पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली! मग मी फ्रिजवरचा पैठणीच्या मोराचा मॅग्नेट आणला आणि ट्रकभर लावत फिरले. दाराला नाही. छपराला नाही. मागच्या हौद्याला नाही. मोर कुठेच बसेना! कुंपणापलीकडे आजोबा पोट धरून उभे. या ट्रकची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची आहे! लोखंड नाहीच! दोन महिने मी एक भलामोठा पातेलं चालवत होते आणि मला पत्ता नव्हता!

(पातेलं चालवत होते. व्याकरणाकडे बघू नका, घाईत आहे!)

बरं, मग सरळ लांब सळईच का लावू नये? इथे गणित आलं, आणि गणित आलं की मी आलेच. २७ मेगाहर्ट्झची लाट ११ मीटर लांब असते. चांगल्या अँटेनेला तिचा चौथा हिस्सा लागतो, म्हणजे पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट! बाजारात मिळते ती स्टीलची सळई १०२ इंचांची, खाली स्प्रिंग लावून भरपाई करायची. आता माझ्या ट्रकचं छप्पर मी टेपने मोजलं, जमिनीपासून सहा फूट चार इंच. त्यावर साडेआठ फूट. चौदा फूट दहा इंच! इकडे बऱ्याच राज्यांत अठरा चाकी ट्रकलासुद्धा साडेतेरा फुटांच्या वर जाता येत नाही! मी पुलाखालून जाणार की पूल घेऊन जाणार?

आणि अजून एक गंमत, याचा कशाशी काही संबंध नाही, पण मला राहवत नाही. अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रकची जास्तीत जास्त रुंदीही १०२ इंच! तोच आकडा! योगायोगच, पण मी तो वहीत लाल पेनाने लिहिलाय!

म्हणून सळई आखूड करतात. तारेचा थोडा भाग वेटोळं करून बसवायचा, म्हणजे लाटेला वाटतं अँटेना लांबच आहे. लाटेला फसवायचं! फायबरग्लासच्या काठीभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते, तीन फुटी, चार फुटी, पाच फुटी. जितकी आखूड तितकी कमजोर. फुकट काही मिळत नाही, हे मला हिशेबात कळत होतंच.

आता जागा. मी वहीत ट्रकचं चित्र काढलं आणि सगळीकडे फुल्या मारल्या. नवरा म्हणाला, "अगं, सळई लावायचीय एक. गणपती बसवतेयस का?" खरं सांगते, गणपतीला इतका विचार करावा लागत नाही! ईशान्य कोपरा म्हटलं की झालं. ट्रक तर दर वळणावर ईशान्य बदलतो!

तुरा बाद झाला. छपराला भोक पाडून बसवता येतो, आणि तीच जागा सगळ्यात उत्तम, चारही दिशांना सारखं ऐकू जातं, पण नव्याने घेतलेल्या ट्रकच्या डोक्यात भोक पाडायला माझा हात धजेना.

मग मुंडावळ्या! मोठ्या ट्रकना दोन्ही आरशांच्या दांड्यांना एकेक अँटेना असते ना, डोलत असतात बघा दोन्ही बाजूंनी, अगदी बोहल्यावरचा नवरदेव! मला वाटायचं शोभेसाठी. शोभेसाठी नव्हे! दोन्ही मिळून एकच काम करतात, आणि नीट जोडल्या की आवाज पुढे आणि मागे जास्त जातो, बाजूंना कमी. रस्त्यावर दुसरं हवंय काय? बाजूला मक्याची शेतं आहेत, त्यांच्याशी काय बोलायचंय! पण यासाठी दोघींमध्ये नऊएक फुटांचं अंतर लागतं. मोठ्या ट्रकला ते जवळपास जमतं. माझ्या पातेल्याला नाही. हौसेने लावणारे लावतात, म्हणाले आजोबा, आणि छान दिसतं. छान दिसतं, एवढंच म्हणाले!

मग शेपटी. मागच्या बंपरला. सगळ्यात सोपी! आणि मी तिथेच लावणार होते, पाना हातात घेऊन, आणि मग आजोबांनी ते वाक्य उच्चारलं.

"तू सळईची जागा शोधतेयस. तू ट्रकमधली जागा शोध. अर्धी अँटेना ट्रक आहे."

काय?

हो! नऊ फुटांची सळई म्हणजे पाव लाट. काम चालायला खरं तर तिला जोडीदार लागतो, तिच्याएवढाच, आणि तो जोडीदार म्हणजे सळईच्या पायाशी पसरलेलं धातूचं अंगण. बॉनेट, छप्पर, हौदा, सगळं! कृष्णेच्या पाण्यात बगळा एका पायावर उभा असतो आणि खाली त्याचं उलटं प्रतिबिंब पडतं ना, तसं! बगळा म्हणजे सळई, पाणी म्हणजे ट्रक, आणि लाटेला दिसतो तो दोन्ही मिळून एक लांबलचक बगळा! पाणी नसेल तर अर्धाच बगळा! मी मटकन पायरीवर बसले. आणि बगळा डबक्याच्या काठाला उभा असेल तर? तर जिकडे पाणी जास्त तिकडे प्रतिबिंब जास्त. म्हणजे मागच्या डाव्या कोपऱ्यात अँटेना लावली की आवाज सगळ्यात जास्त जाणार तिरका, ट्रकच्या अंगावरून, पुढच्या उजव्या दिशेला! बॉनेटच्या डाव्या कडेला लावली की मागे उजवीकडे! ट्रक स्वतः बोट दाखवतो! इतकी वर्षं रस्त्यावर फिरतेय आणि प्रत्येक ट्रक असं तिरकं बोट दाखवत चाललाय!

आणि चुंबक चिकटत नाही म्हणून अ‍ॅल्युमिनियम वाया गेलं का? नाही! वीज वाहून नेण्यात ते लोखंडाहून सरस! चुंबकाला नको, लाटेला हवं! पण मोठ्या ट्रकचं बॉनेट बऱ्याचदा फायबरग्लासचं असतं, आणि फायबरग्लास म्हणजे पाणीच नाही, नुसती वाळू! तिथे वायर ओढून धातूचं अंगण जोडून द्यावं लागतं, नाहीतर अंगणाशिवाय चालणाऱ्या वेगळ्या अँटेना मिळतात. याच क्षणी मी स्वयंपाकघरात धावले. वांग्याचं तुम्हाला सांगितलंच.

तर बंपर रद्द, कारण सळईचा खालचा अर्धा भाग हौद्याच्या दाराआड लपतो, आणि दोन-तृतीयांश अँटेना तरी छपराच्या वर दिसायला हवी. शेवटी ठरली हौद्याची कड, केबिनच्या लगेच मागे, डावीकडे. पुढे धातू, मागे धातू, जवळपास ट्रकचा मध्य! आणि डावीकडे का, तर उजवीकडे झाडांच्या फांद्या येतात. ही कड जमिनीपासून साडेचार फूट. पाच फुटी अँटेना घेतली, तार वरच्या टोकाला दाट गुंडाळलेली, म्हणजे काम करणारा भाग छपराच्या वर. तीन फूट दोन इंच वर! मोजलं! दोन-तृतीयांशाला दोन इंच कमी. आजोबा म्हणाले, चालतं. बुडाशी एक फिरकी बसवली, अर्धा वेढा दिला की अँटेना हातात, कुकरची शिट्टी काढावी तशी. गॅरेजचं दार सात फुटांचं आहे ना!

केबल दारात चेमटू द्यायची नाही, रबराच्या भोकातून आत घ्यायची, वगैरे झालं सगळं. आणि मग मीटर!

हे मीटर म्हणजे या प्रकरणातला माझा जीव की प्राण. रेडिओ आणि अँटेना यांच्यामध्ये जोडायचं, आणि ते सांगतं तुम्ही पाठवलेल्यातलं किती परत आलं. आहेर पाठवला आणि अर्धा साभार परत, तसं! काटा १ वर असेल तर सगळा आहेर पोचला. दीडवर असेल तर शंभरातले चार रुपये परत. ३ वर असेल तर पंचवीस परत, आणि तिथे थांबायचं, बोलायचं नाही, रेडिओला इजा होईल. मी बटण दाबलं. काटा सरळ तीनच्या पार!

रडू आलं हो! इतकं सगळं करून! आजोबांनी न बोलता मल्टिमीटर काढला, एक टोक ब्रॅकेटला, एक बॅटरीच्या ऋण टोकाला. जोडणीच नाही! का? रंग! ट्रकचा सुंदर निळा रंग ब्रॅकेटच्या खाली पसरला होता आणि वीज आत शिरू देत नव्हता. बगळा पाण्यावरच्या प्लॅस्टिकवर उभा होता! पॉलिश पेपर घेतला, बोल्टच्या खालचं नाण्याएवढं वर्तुळ घासलं, खालून चकचकीत चांदी निघाली, हौद्यापासून चासीपर्यंत विणलेल्या तारेचा एक पट्टा जोडला, पुन्हा आवळलं, पुन्हा बटण. एक पूर्णांक आठ! नाण्याएवढी जागा! नाण्याएवढी!

मग बारीक कलाकुसर. चॅनेल १ वर मोजायचं, चॅनेल ४० वर मोजायचं. १ वर जास्त आलं तर अँटेना आखूड आहे, ४० वर जास्त आलं तर लांब आहे. टोकाला एक छोटा स्क्रू, तो वर-खाली करायचा, एकेक वेढा. आणि इथे भूतच शिरलं! मी मोजते १.४, पुन्हा मोजते १.७, काही हात न लावता! पुन्हा १.४! नवरा भरीत झाल्याचं सांगायला आला होता आणि हौद्याला टेकून उभा होता. तो जवळ आला की काटा चढतो, लांब गेला की उतरतो! "हो तिकडे!" उतरला. "ये इकडे!" चढला! चोवीस वर्षांच्या संसारात मला हे मोजायचं साधन आज मिळालं! माणसाचं शरीरही लाटेच्या वाटेत येतं, म्हणून दारं लावून, बॉनेट बंद करून, भिंतींपासून दूर मोकळ्यात मोजायचं असतं.

आणि मग मला दादा आठवला! गच्चीवर पाइप धरून उभा! त्याच्या अंगात करंट नव्हता, तो अँटेनेचा भाग झाला होता! मी तिथल्या तिथे कराडला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार. दादा म्हणाला, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही रे, तू अँटेना होतास!" त्याने फोन ठेवला.

१.३ वर लागला काटा. चॅनेल १ वर आणि ४० वर दोन्हीकडे दीडच्या आत. आजोबांनी मान हलवली, आणि त्यांची मान सहजी हलत नाही.

रविवारी सकाळी आय-७० च्या कडेला ट्रकस्टॉपवर गेलो. चॅनेल १९, तिथे ट्रकवाले असतात. खरखर, खरखर, आणि मग एक जाडाभरडा आवाज, पुढे डावी लेन बंद आहे, उजवीकडे राहा. दुसरा म्हणाला, पुलाच्या सावलीत अस्वल बसलंय. खरंच म्हणाला! अस्वल! मी माइक उचलला, टोपणनाव ठरवलंच होतं, आमच्या नदीचं, घसा कोरडा पडला, आणि सगळं इंग्रजी विसरून मी म्हटलं, "हॅलो, कोयना बोलतेय! येतंय का?" मराठीत! शांतता. आजोबांनी कपाळाला हात लावला. मग दुरून कुणीतरी म्हणालं, "काय म्हणालात कळलं नाही, कॉयना, पण आवाज खणखणीत आहे!"

खणखणीत! चार वॅट! पातेल्यासकट!

आता आजोबांच्या गॅरेजात त्यांची जुनी आरशाची जोडी पडलीय, मुंडावळ्यांसकट, आणि मी फक्त बघायला म्हणून चाललेय. तुम्हीही चला ना! बसा, पुढेच बसा. पण आधी एकदा मीटर बघून घेते. दार लावा. नाही, असं टेकू नका. जरा लांब व्हा. अजून थोडं! काटा चढतोय!